बंडीने वसवलेले शहर

बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या तालुक्यांत ‘खामगावला जाऊन येतो’ म्हणणारा माणूस शहर पाहायला निघालेला नसतो. त्याला बियाणे घ्यायचे असते, अडत्याला माल दाखवायचा असतो, मुलीच्या लग्नासाठी चांदी बघायची असते, नाहीतर राहिलेला चुकारा आणायचा असतो. खामगाव अशा खेपांवरच वाढले.

१८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी येथे दुकाने थाटली. तूप, सूत आणि थोडाफार कापूस, एवढाच तेव्हाचा व्यवहार. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन मात्र जवळ होती. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या बोंडाला भाव चढला. १८६७ मध्ये खामगावात नगरपालिका आली. मुंबई–नागपूर लोहमार्ग गावाला वळसा घालून जलंबवरून गेला होता. १८७० मध्ये तिथून खामगावपर्यंत फाटा टाकण्यात आला. जेमतेम तेरा किलोमीटरच्या त्या रुळांच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, यावरूनच कापसाचे वजन कळते. बुलढाणा जिल्ह्यात खामगावचा समावेश झाला तो १९०५ मध्ये. तोवर ते अकोला जिल्ह्यात होते. आधी बाजार, मग पालिका, मग रेल्वे आणि शेवटी आजचा जिल्हा, असा हा क्रम आहे.

कापूस शहर कसे उभे करतो, हे एका बंडीवरून, म्हणजे बैलगाडीवरून समजते. गाडी आवारात लागते. व्यापारी मूठभर कापूस उपसतो, चिमटीत धागा ओढून त्याची लांबी पाहतो, ओल चाचपतो, हर्रास होतो. हमाल, मापारी, अडत्या यांची मजुरी इथेच निघते. पुढे जिनात कापसाची रुई आणि सरकी वेगळी होते. वजनाचा साधारण तिसरा हिस्सा रुईचा, बाकी बहुतेक सरकी. रुई प्रेसमध्ये दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते आणि ती परगावी जाते. सरकीचे तेल निघते, उरलेली ढेप पुन्हा त्याच खेड्यातल्या म्हशीपुढे पडते. गाडीतला माल एकच, पण त्यावर निम्मा बाजार जगतो.

या व्यवहारात शेतकऱ्याला जागा किती होती? वऱ्हाडसाठी १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातल्या नियंत्रित बाजारांच्या कायद्यांतली ती पहिली पायरी म्हणून त्याचे मोल मोठे. पण त्या कायद्याखालच्या बाजार समितीत पालिकेचे प्रतिनिधी होते, व्यापाऱ्यांचे होते. ज्याच्या मालावर बाजार भरत असे त्याची खुर्ची नव्हती. बाजार समित्यांत शेतकरी आला तो पुढच्या काळातल्या कायद्यांनी. पालिकेत मात्र तो आजही बाहेरचाच आहे, कारण त्याचे मत खेड्यात आहे.

शहराची कायद्यातली व्याख्याही हीच दरी दाखवते. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार नव्या नगरपरिषदेसाठी लोकसंख्या किमान २५ हजार हवी आणि किमान ३५ टक्के रोजगार बिगरशेती हवा. म्हणजे शेतीपासून जितके दूर, तितके ते शहर. कर आणि सेवांच्या हिशेबासाठी हा निकष ठीक आहे. पण जिनातला कामगार, खताचा दुकानदार, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री हे सगळे कागदावर बिगरशेती असले, तरी पावसाने दडी मारली की त्यांच्याही गल्ल्यात खडखडाट होतो.

पाण्याचेही तसेच. इंग्रजी अमदानीत शहरासाठी जनुना तलाव होता. वस्ती वाढली तसे ज्ञानगंगेच्या धरणाकडे पाहावे लागले. शहराचा नळ आणि शेताचा पाट एकाच साठ्याकडे बघतात, तेव्हा दोघांची भांडणे लावून कोणाचेच भागत नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते शिवाराला देणे हा उपकार नव्हे, उसनवारीची परतफेड आहे.

शहराची हद्द वाढवून घेणे सोपे असते. हद्दीबाहेरच्या माणसाचा हिशेब ठेवणे अवघड. तरी पालिकेला काही गोष्टी आजही करता येतील. हंगामात ट्रॅक्टरच्या रांगा कुठे थांबतील, हे विकास आराखड्यात आधीच ठरवावे. बाजार आवार ते बसस्थानक या वाटेवर सावली, पिण्याचे पाणी आणि बायांसाठी स्वच्छतागृहे असावीत. मालाची आवक आणि शहराचा महसूल यांचा ताळेबंद दरवर्षी शेजारी शेजारी मांडून सर्वसाधारण सभेत वाचावा.

कापसाची जागा काही शिवारांत सोयाबीनने घेतली, बंडीच्या जागी ट्रॅक्टर आला. खामगावला येणारा माणूस तोच आहे. सकाळी माल घेऊन आलेल्या त्या माणसाला दुपारी तांब्याभर पाण्यासाठी हॉटेलात चहा विकत घ्यावा लागू नये, एवढे तरी या शहराने आपल्या अंदाजपत्रकात लिहावे.