रुग्ण नागपुरात, नोंद कुठे?

गेल्या २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विषारी कफ सिरपमुळे मध्य प्रदेशातील छिंदवाडा, बैतुल आणि पांढुर्णा या जिल्ह्यांतील वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांना अखेरच्या उपचारांसाठी नागपुरात आणावे लागले होते. ते संकट काही आठवड्यांत देशासमोर आले. त्याच रस्त्याने येणारे दुसरे संकट मात्र गाजावाजा न करता वाढते आहे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचे हे संकट आहे.

पांढुर्णा आणि सौंसर हा संत्री-कापसाचा मराठीभाषक पट्टा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा भाग मध्य प्रदेशात राहिला; आजारी माणसाची वाट मात्र बदलली नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कागदपत्रे भोपाळकडे जातात, अत्यवस्थ रुग्ण आजही नागपूरच गाठतो.

या रुग्णाच्या लघवीत, रक्तात किंवा जखमेच्या पुवात सापडणारा जिवाणू औषधाला का जुमानत नाही, याचे उत्तर अनेकदा त्याच्या जनुकांत असते. काही जनुके औषध निकामी करणारे विकर तयार करतात. ‘प्लाझ्मिड’ नावाच्या सुट्या जनुकीय वलयावर ती असली, तर एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडेही जातात. ‘एनडीएम-१’ हे त्यांतील सर्वांत गाजलेले जनुक. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कार्बापेनेम गटातील औषधांना न जुमानणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये ते आढळले होते. कार्बापेनेम हे गंभीर संसर्गात राखून ठेवायचे औषध. ते निकामी झाले की पर्याय मोजकेच उरतात.

पुढील काळात चित्र अधिक बिघडले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नोंदींनुसार, या गटातील इमिपेनेमला दाद देणाऱ्या ई-कोलाय जिवाणूंचे प्रमाण २०१६ मधील ८६ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६४ टक्क्यांवर आले. क्लेब्सिएलाच्या बाबतीत ते ६५ वरून ४३ टक्क्यांवर घसरले. मात्र हे आकडे प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांचे आहेत. पांढुर्ण्याच्या रुग्णाचा नमुना नागपुरात तपासला गेला, तर निष्कर्ष त्या रुग्णालयाच्या खात्यात जमा होतो. त्याच्या गावात कोणते औषध निरुपयोगी ठरू लागले आहे, हे तेथील डॉक्टरला त्यातून कळत नाही. कल्चर तपासणीला दोन-तीन दिवस लागतात. तपासणीच नसेल तर औषध अंदाजाने दिले जाते. अंदाज चुकला की रुग्णाचे दिवस वाया जातात आणि प्रतिकारक्षम जिवाणूंना मोकळे रान मिळते.

प्रश्न केवळ दवाखान्याचा नाही. लिंबूवर्गीय झाडांवरील खैऱ्या रोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनच्या मिश्रणाची फवारणी देशात वर्षानुवर्षे होत आली. शेतीतील या वापरावर बंदीचा मसुदा केंद्राने २०२१ च्या डिसेंबरमध्ये काढला. फळबागांच्या पट्ट्यात आरोग्य आणि कृषी खात्यांनी एकत्र बसण्याची गरज यावरून स्पष्ट व्हावी.

नियमांची वानवा नाही. अनुसूची ‘एच-१’ मधील प्रतिजैविके विकताना रुग्ण आणि डॉक्टर यांची स्वतंत्र नोंद ठेवण्याचे बंधन औषधविक्रेत्यांवर २०१४ पासून आहे. केरळपाठोपाठ मध्य प्रदेशाने २०१९ मध्ये राज्य कृती आराखडाही जाहीर केला. आता तो तालुक्यापर्यंत पोहोचायला हवा. नव्या जिल्ह्यातील नमुने छिंदवाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात नियमित जावेत. नागपुरात निघालेले निष्कर्ष रुग्णाच्या जिल्ह्यानुसार वेगळे काढून परत कळवले जावेत. यासाठी नवी इमारत लागत नाही. दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांत करार लागतो.

गोव्यालाही हा विषय परका नाही. गोमेकॉत सिंधुदुर्ग आणि कारवारचे रुग्ण येतच असतात. त्यांच्यासोबत येणारा जिवाणू सीमेवर थांबत नाही. प्रयोगशाळेचा अहवालही सीमेवर अडता कामा नये; तो रुग्णाच्या गावापर्यंत परत गेला, तरच तेथील पुढच्या रुग्णाला पहिल्याच दिवशी योग्य औषध मिळण्याची शक्यता वाढेल.