आयाक्सचे दोन मध्यरक्षक

लहान संघात चमकलेला विशीतला मध्यरक्षक मोठ्या क्लबात टिकेल की नाही, हा प्रश्न दर उन्हाळ्यात, युरोपातील खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा हंगाम सुरू झाला की, नव्याने उपस्थित होतो. आणि त्याचे उत्तर देणारे बहुधा त्याचे गोल, त्याचे अचूक पास आणि त्याने हिरावून घेतलेले चेंडू यांचा हिशेब मांडून निकाल देतात. आघाडीपटूच्या बाबतीत हा हिशेब पुष्कळ अंशी पुरतो. मध्यरक्षकाचा मामला निराळा आहे, कारण त्याचा खेळ दहा सहकाऱ्यांच्या खेळात इतका मिसळलेला असतो की त्यातील त्याच्या स्वतःच्या मालकीचे किती आणि संगतीने लाभलेले किती, याची वाटणी कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. ही वाटणी करता येणे यालाच मी पारख समजतो.

२०१९ च्या वसंतात ॲमस्टरडॅमच्या आयाक्स संघाने चॅम्पियन्स लीगमध्ये माद्रिदला जाऊन रेआल माद्रिदचा ४-१ असा आणि तुरिनला जाऊन युव्हेंटसचा २-१ असा पराभव केला, तेव्हा मध्यरात्र उलटून गेल्यावर दूरचित्रवाणीपुढे जागत बसलेल्या माझ्यासारख्या प्रेक्षकांची दृष्टी ज्या तरुणांवर खिळून राहिली, त्यांत दोन मध्यरक्षक होते : फ्रेंकी डी याँग आणि डॉनी व्हॅन डे बेक. दोघांचा जन्म १९९७ चा, एकाचा मे महिन्यातला, दुसऱ्याचा एप्रिलमधला. दोघेही एरिक टेन हाग या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेले. डी याँग त्याच उन्हाळ्यात सुमारे साडेसात कोटी युरोंना बार्सिलोनात रुजू झाला, आणि व्हॅन डे बेक पुढच्या वर्षी सुमारे ३ कोटी ९० लाख युरोंना मँचेस्टर युनायटेडमध्ये. पहिला तेथे स्थिरावला. दुसऱ्याला पहिल्या हंगामात लीगमधील अवघ्या चार सामन्यांत आरंभापासून खेळावयास मिळाले.

व्हॅन डे बेक कमी प्रतीचा खेळाडू होता, असे म्हणण्यास माझे मन धजत नाही. युव्हेंटसविरुद्ध तुरिनमध्ये बरोबरीचा गोल त्याचा होता, उपांत्य फेरीत टॉटनहॅमच्या मैदानावरील एकमेव गोलही त्याचाच. परंतु ते गोल कसे झाले, हे पाहिले पाहिजे. आयाक्सचा दुसान तादिच नावाला आघाडीवर असे आणि प्रत्यक्षात मागे उतरून प्रतिपक्षाच्या बचावपटूंना आपल्यामागे ओढून नेई. त्यामुळे जी जागा रिकामी होई, तिच्यात व्हॅन डे बेक नेमक्या क्षणी शिरे, आणि हकीम झियेशसारखा सहकारी चेंडू तेथे पोहोचवी. रिकाम्या जागेचा हा वास येणे ही दुर्मिळ बुद्धी आहे. पण जागा रिकामी करणारा एक आणि चेंडू देणारा दुसरा हजर असल्यावाचून ती प्रकट होत नाही. डी याँगचे गुण याच्या उलट. पाठीवर प्रतिस्पर्धी असताना चेंडू घेणे, एका वळणात त्याला चकवणे, आणि चेंडू पायाशी ठेवून तीस-चाळीस पावले पुढे नेणे, यासाठी त्याला कोणाच्या जामिनाची गरज नव्हती. बार्सिलोनात त्याच्या आवडीच्या जागी सेर्जिओ बुस्केट्स होता, म्हणून डी याँगला पुढे सरकून अपरिचित कामे करावी लागली आणि टीकाही सोसावी लागली. तरी ते वळण आणि ती चाल त्याच्याबरोबर नव्या मैदानात आली.

तालुक्याच्या कचेरीत ज्याच्यावाचून कोणाचे पान हालत नाही असा अव्वल कारकून सचिवालयात बदलून गेला, तर त्याची हुशारी तीच राहते, पण त्याला कोणते दप्तर सोपवले जाते यावर सारे अवलंबून असते. मँचेस्टरमध्ये व्हॅन डे बेकच्या वाट्याचे दप्तर आधीच दुसऱ्याच्या हाती होते. जानेवारी २०२० मध्ये आलेला ब्रुनो फर्नांडिस नेमक्या त्याच जागी खेळत होता, आणि असा खेळत होता की त्याला बाहेर बसवण्याची मसलत कोणा शहाण्या माणसाने दिली नसती. पदार्पणाच्या सामन्यात, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध, व्हॅन डे बेक राखीव म्हणून उतरला आणि त्याने गोल केला. पुढे तो बव्हंशी बाकावरच बसला. तेवीस वर्षांच्या मुलाची ऐन उमेदीची वर्षे अशी जाताना पाहून मला त्या क्लबाच्या कारभाऱ्यांचा राग येई, आणि अद्यापही येतो. जागा मोकळी नसताना नेमणूक करणे हा त्या मुलावर अन्याय होता.

म्हणून एखाद्या नव्या मुलाची कीर्ती कानी आली की मी त्याचे उत्कृष्ट क्षण एकत्र गुंफलेली चित्रफीत पाहत नाही; त्याचा संघ ज्या सामन्यात दडपणाखाली सापडला, नेहमीचे जोडीदार जखमी होते आणि चेंडू क्वचितच मिळत होता, असा सामना शोधतो. त्या वेळी माझे लक्ष त्याच्या पायांपेक्षा मानेकडे अधिक असते. गायर यॉर्डेट या नॉर्वेजियन संशोधकाने इंग्लंडमधील मध्यरक्षकांच्या चित्रफिती तपासून असे दाखवले आहे की चेंडू येण्यापूर्वी जे वारंवार मान वळवून आजूबाजूस पाहतात, त्यांचे पास अधिक प्रमाणात यशस्वी होतात. मोठ्या क्लबात प्रतिस्पर्धी लवकर अंगावर येतो, विचाराला मुदत मिळत नाही. जो चेंडू आल्यावर विचार करू लागतो त्याची तेथे फरफट होते, मग लहान संघात त्याचे पास कितीही देखणे असोत.

खेळाडूचे स्वतःचे किती आणि संगतीचे किती, या कसोटीचा एक दाखला मला विशेष वाटतो. २०२२ मध्ये टेन हाग स्वतः मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक झाले, तेव्हा व्हॅन डे बेकचा जुना गुरू परत मिळाल्यामुळे आता त्याचे दिवस पालटतील, अशी आशा माझ्यासह अनेकांना वाटली. पण दोघांनाही जवळून ओळखणाऱ्या त्या गुरूच्या क्लबाने तो संपूर्ण उन्हाळा डी याँगला बार्सिलोनाहून आणण्याच्या खटपटीत वेचला. डी याँग आला नाही. फर्नांडिस जागेवरच होता, तादिच ॲमस्टरडॅमलाच राहिला होता, झियेश लंडनमध्ये होता. आणि त्या हंगामात मिळालेल्या मोजक्या संधींपैकी एका सामन्यात, जानेवारी २०२३ मध्ये बोर्नमथविरुद्ध, व्हॅन डे बेकच्या गुडघ्याला दुखापत होऊन त्याचा तो हंगामच संपला.