बंद गाडीचे पहिले काम

सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात घडवलेली ‘पद्मिनी’ काही व्यापारी घरांच्या आवारात आजही झाकून ठेवलेली असते. वडिलांची ही गाडी पुन्हा सुरू करावी, असे एखाद्या मुलाला वाटते. तो नवी बॅटरी जोडतो आणि थेट किल्ली फिरवतो. चूक येथेच होते.

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या एअर फिल्टरमध्ये उंदरांची पिल्ले असू शकतात, सायलेन्सरच्या नळीत कुंभारीण माशीचे मातीचे घर. म्हणून जयणेने प्रथम बॉनेट उघडावे, दिव्याच्या उजेडात कानाकोपरा पाहावा, मऊ कुंचल्याने हलकेच झाडावे. पिल्ले आढळली, तर ती मोठी होऊन निघून जाईपर्यंत काम थांबवावे. वीस वर्षे थांबलेली गाडी आणखी महिनाभर थांबल्याने काय बिघडणार?

ही सबुरी यंत्रालाही मानवते. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहावे. टाकीतील जुने पेट्रोल पूर्ण काढावे. त्याचा चिकट थर कार्ब्युरेटर तुंबवतो. काढलेले काळे तेल मात्र गटारात ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल नेणाऱ्याकडे द्यावे.

ब्रेकचे काम घरी करू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे आतील भाग गंजतात. रबरही कडक होते. पेडल पायाला घट्ट लागले तरी त्यावर विसंबू नये. जाणता मिस्त्री येऊन पाहीपर्यंत चाकांखालचे दगड काढू नयेत.