शस्त्रक्रियेला दोन तास, सांभाळायला तीन महिने



हे सदर पिकांचे. पण पीक काढणारा माणूस धड असेल तरच पीक घरात येते. म्हणून आज छातीतल्या जळजळीविषयी थोडे. मी शेतीखात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. औषधपाणी डॉक्टरांनीच ठरवायचे. मला सांगायचे आहे ते कामाच्या वेळापत्रकाविषयी.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. त्यातल्या एका भोकातून अन्ननलिका जठरात उतरते. तिच्या खालच्या टोकाला पाटाच्या दारासारखी झडप असते. भोक सैल झाले, की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो. हाच हायेटस हर्निया. मग दार नीट बसत नाही आणि जठरातले आम्ल उलटे वर चढते. करपट ढेकर, जळजळ, रात्री ठसका, ही त्याची लक्षणे.

असा हर्निया असलेल्या सगळ्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. तंबाखू-मिश्री सोडावी. जेवून लगेच आडवे होऊ नये. बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच करावी. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेली गोळी सांगितलेल्या वेळीच घ्यावी. एवढ्यावर पुष्कळांना आराम पडतो. मात्र घास अडकणे, काळी शौचास होणे, वजन घटणे यांपैकी काही दिसले तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नये. छातीत दाटून घाम फुटला, तर पित्त समजून सोडा पीत बसू नये. तो हृदयाचा झटका असू शकतो.

औषधांनी भागले नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार. त्यात सैल भोक टाके घालून आवळतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून झडपेला आधार देतात. ही पद्धत रुडॉल्फ निसेन या शस्त्रवैद्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. १९९१ पासून ती दुर्बिणीतून, लहान छिद्रांवाटे होऊ लागली.

पण घाई नको. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली आपल्याच जिल्ह्यातून पुढे आला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, हे विसरू नका. दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून आपल्या जिल्ह्यात आहे. महात्मा फुले योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

आता मुख्य गोष्ट. बाहेरची जखम बोटाएवढी असते, म्हणून घरचे म्हणतात, झाला बरा. पण आतला टाका नव्या बांधासारखा असतो. माती बसण्याआधी पाणी सोडले, तर बांध फुटणारच. सुरुवातीला घास अडकल्यासारखा वाटतो, पोट फुगते, ढेकर येत नाही. म्हणून आधी वरणाचे पाणी व पेज, मग मऊ भात, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. कोरडी भाकरी व सोडावॉटर डॉक्टर सांगतील तेव्हाच. ताप, दम, सततची उलटी किंवा पाणीही न उतरणे, असे झाले तर तडक दवाखाना गाठावा.

पहिले सहा आठवडे जड उचलायचे नाही. ओझ्याचे काम करणाऱ्याला अनेकदा तीन महिने थांबायला सांगतात. पाण्याची भरलेली घागर, खताचे पोते, पाठीवरचा फवारणी पंप, सगळे यात आले. सोळा लिटरचा भरलेला पंप वीस किलोच्या आसपास जातो. उसाची मोळी तर त्याहून भारी.

म्हणून तातडीचे नसेल, तर डॉक्टरांना आपले काम सांगून तारीख ठरवा. कारखान्यावरून परत आल्यावर चैत्र-वैशाखात शस्त्रक्रिया झाली, तर दसऱ्यापर्यंत पुरेसे दिवस मिळतात. मृगाच्या पेरणीला सावड करा, भावकीला हाक द्या. आश्विनात शस्त्रक्रिया आणि दिवाळीनंतर कोयता, हा हिशेब कधीच जमणार नाही. मुकादमाची उचल घेण्याआधी हे घरात बसून बोला. एकदा उचल घेतली, की शरीराचे कुणी ऐकत नाही.

आणि घरच्या बाईची शस्त्रक्रिया असेल, तर तिचीही घागर तीन महिने दुसऱ्या कुणी तरी उचलावी.