लिंबाला नमस्कार, निंबोळीला दाम नाही!



जुलै लागला की वनमहोत्सव येतो. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी तो सुरू केला. तेव्हापासून 'झाडे लावा' हा उपदेश शेतकऱ्याला फुकट मिळतो आहे. आमचा सवाल एवढाच : कोरडवाहू मुलखात कडुलिंब जगवला कुणी? भाषण करणाऱ्याने, की बांधाच्या धन्याने?

लिंबाशी आपले नाते उपदेशाने जडलेले नाही. पाडव्याला वर्षाचा पहिला घास त्याच्या कोवळ्या पाल्याचा. बाळंतिणीच्या दारात त्याचा डहाळा, ज्वारीच्या कणगीत त्याचा वाळला पाला, वैशाखात बैलांना त्याचीच सावली. गावचे तंटे मिटले तेही त्याच्याच पारावर.

पण सावलीचीही किंमत पडते. लिंबाखाली कपाशीची दोन-चार तासे खुरटतात. ज्वारी दाण्यावर आली की पाखरे त्याच फांदीवर टपून बसतात. हा तोटा शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या सोसला. तो कुठल्या ताळेबंदात आला?

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो आणि पदवी घेऊन तुमच्या बांधावर आलो ते फवारणीचे वेळापत्रक घेऊन. डोक्यावर लिंब उभा होता, आमची नजर औषधाच्या डब्यावर. ही आमची चूक होती, कबूल करतो. १९९० च्या दशकात हिरवी बोंडअळी सिंथेटिक पायरेथ्रॉईडला दाद देईनाशी झाली, तरी फवारे वाढतच गेले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले.

निंबोळी अर्क म्हणजे जादू नव्हे. बोंडात शिरलेल्या अळीला तो मारत नाही. पण अंडी आणि लहान अळ्या असताना, मावा-पांढरी माशी दिसू लागताच ५ टक्के अर्क फवारला तर कीड खाणे सोडते, तिची वाढ खुंटते. ५ किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवायची, गाळायची आणि १०० लिटर पाणी करायचे. कंपनी नको, उधारी नको.

मग सगळे का करत नाहीत? आळशी आहेत म्हणून? निंबोळी गळते जून-जुलैत, ऐन पेरणीच्या धांदलीत. तेव्हा वेचायला मजूर लावावा तर मजुरी निघत नाही, कारण बाजारात तिला भाव नाही. हा शेतकऱ्याचा दोष नव्हे, साधे अर्थशास्त्र आहे.

माल मात्र सर्वांना हवा आहे. कडुलिंबाच्या तेलाने बुरशी मारण्याचे पेटंट १९९४ साली युरोपात ग्रेस कंपनी व अमेरिकेच्या शेतीखात्याला मिळाले. ते २००० साली रद्द झाले, २००५ साली अपीलही फेटाळले. देशभर जल्लोष झाला. २०१५ साली सगळ्या युरियाला लिंबतेलाचा लेप सक्तीचा झाला. पोत्यावर लिंबाचे नाव आले. निंबोळी वेचणाऱ्या बाईच्या पदरात काय पडले?

लिंबाच्या भावंडांची गत तर आणखी वाईट. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात अडकले. लावले आपण, राखले आपण, तोडायला परवानगी सरकारची! २०२४ साली मंत्रिमंडळाने दंड हजारावरून ५० हजारांवर नेण्याचे ठरवले. परिणाम काय होणार? शहाणा शेतकरी बांधावर उगवलेले रोप वीतभर असतानाच उपटून टाकणार. जे आपल्याला विकता येत नाही, ते कोण वाढवील?

आमचे म्हणणे सरळ आहे. बांधावरच्या झाडाची मालकी शेतकऱ्याची, तोडण्या-विकण्याचा हक्कही त्याचाच. निंबोळीला मजुरी भरून वर काही उरेल असा भाव मिळू द्या. मग वनमहोत्सवाची गरज उरणार नाही. बांध आपोआप हिरवे होतील.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने दोन किलो वाळलेली निंबोळी फडक्यात बांधून आणावी. ढीग रचू, आणि अधिकाऱ्यांना तिथेच बोलावून विचारू : बोला, काय भाव घेता?