तुंबडीत भरतं ते काय?

बेंगळुरूच्या मागडी रस्त्यावर कोट्टिगेपाळ्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय युनानी वैद्यक संस्था आहे. २००४पासून तिथे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात आणि ‘इलाज-बित-तदबीर’ या शाखेत हिजामा, म्हणजे पेले लावून कातडी ओढण्याचं कपिंग, शिकवलं जातं. त्याच शहरातल्या फिजिओथेरपी दवाखान्यांत हेच पेले दिवसभर लॅपटॉपपुढे मान मोडणाऱ्यांच्या पाठीवर चढतात. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकल फेल्प्सच्या खांद्यावरचे जांभळे गोल डाग जगाने पाहिले आणि या जुन्या उपचाराला नवी झळाळी आली.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. ही आपली तुंबडीच. रक्त काढायला सुश्रुताने शिंग, जळू आणि अलाबू, म्हणजे भोपळा, सांगितला. अरबीत हिजामा करणारा तो हज्जाम. आपला हजाम त्याच्याच शब्दाचा वारस. ‘आपली तुंबडी भरणे’ हा वाक्प्रचार या उपचारातून आला की भिक्षेकऱ्याच्या तुंबडीतून, हा वाद तूर्त बाजूला ठेवू.

कपिंगवाल्यांचा मोठा दावा असा, की यातून ‘अशुद्ध रक्त’ आणि शरीरातलं विष निघून जातं. पुरावाही तिथल्या तिथे दाखवतात. पेला लावला, पंपाने हवा ओढली, की कातडी पुरीसारखी टम्म फुगते. पेला काढून पात्याने बारीक चिरा देतात, पुन्हा लावतात. काही मिनिटांनी आत काळपट, जेलीसारखा गोळा जमतो. ‘बघा, किती घाण होती!’ रुग्ण थक्क.

पण साचलेलं रक्त गोठतंच. गोठणं ही घाणीची नव्हे, निरोगी रक्ताची खूण आहे. ते गोठलं नसतं तर घाबरायला हवं होतं. शरीरातला टाकाऊ माल काढायला यकृत आणि मूत्रपिंड आहेत, आणि त्यांचा रस्ता पाठीच्या कातडीतून जात नाही. चिरा न देता केलेल्या, म्हणजे कोरड्या, कपिंगचा डाग तरी काय? ओढीने फुटलेल्या केशवाहिन्या. डाग जितका गडद तितकं विष जास्त, हे सांगणं म्हणजे दारावर आपटून आलेल्या काळ्यानिळ्या डागालाही औषध म्हणणं.

मग सगळी भोंदूगिरीच? असं म्हणणारेही घाई करतात. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे सर्वांगदुखीचे, १४१ रुग्ण होते. कपिंग घेतलेल्यांचं दुखणं नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांपेक्षा कमी झालं. गंमत पुढे आहे: काहींना ओढ टिकणारच नाही असे लुटुपुटूचे पेले लावले होते, आणि त्यांनाही जवळपास तेवढाच आराम पडला. म्हणजे आराम खरा. श्रेय पेल्याचं किती आणि स्पर्शाचं, विश्रांतीचं, विश्वासाचं किती, हा प्रश्न उघडा. त्याआधी, २०१२च्या एका आढाव्यात १३५ चाचण्या तपासल्या गेल्या. नागीण, मुरुम, मानेचा स्पाँडिलायसिस यांत फायद्याच्या खुणा दिसल्या, पण बहुतेक चाचण्यांची रचनाच कच्ची होती.

वेदनेपुरतं एक संभाव्य कारणही देता येतं. १९६५मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं, की स्पर्श-दाबाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवू शकतात. आपटलेला गुडघा आपण चोळतो, त्यातलंच हे. म्हणूनच आखडलेल्या मानेला किंवा पाठीला, व्यायामाच्या जोडीला, कोरडं कपिंग काही दिवस हलकं वाटायला लावत असेल तर त्याला नाक मुरडायचं कारण नाही. मधुमेह, रक्तदाब, वंध्यत्व हे सगळं एकाच पेल्यात बसवलं, की मात्र वाक्प्रचारातली तुंबडी भरायला लागते.

चिरा देऊन केलेल्या, म्हणजे ओल्या, कपिंगचा हिशेब आणखी कडक ठेवावा लागतो. पातं पुन्हा वापरलं तर हिपॅटायटिस बी, सी यांचा धोका. हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्या बाईचं रक्त काढणं तर उलटाच उपचार. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते पेला हातात घेणाऱ्याला आधी सांगायला हवं. त्याने स्वतःहून विचारलं नाही, तर तिथून उठून यावं.