नेत्रदान झालं, पुढचं कोण बघणार?

आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या डोळ्याला उसाचं पातं लागलं, बुबुळावर फूल पडलं. कुणीतरी नेत्रदान केलं म्हणून बुबुळ बदललं, परत दिसायला लागलं. आठ महिन्यांनी डोळा लाल झाला. 'डोळे आलेत' समजून मेडिकलमधून ड्रॉप आणले. चार दिवसांनी त्यांना घेऊन शहरात पोचलो, तोवर शरीराने ते बुबुळ नाकारलं होतं.

मी विचारलं, डॉक्टर, रक्त तपासून हे आधी कळलं नसतं का? ते म्हणाले, साध्या सीबीसीत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं प्रमाण दिसतं. त्यावरून धोका ओळखता येतो का, यावर अभ्यास होतायत. पण साध्या तापानेही हे आकडे हलतात, एकट्या रिपोर्टवर भरवसा नको. निरोगी बुबुळात रक्तवाहिन्या नसतात. जखमेनंतर त्या आत शिरल्या की धोका वाढतो, आणि ते मशीनखाली दिसतं.

25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो. फोटो मीही छापतो. पण रोपणानंतरचे स्टिरॉइड ड्रॉप आणि तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळायलाच पाहिजे. नाहीतर दान मातीत जातं.

घरी असा पेशंट असेल तर लक्षात ठेवा: लाली, उजेड सहन न होणं, अंधुक दिसणं, दुखणं. यातलं एकही जाणवलं तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. वेळेत गेलात तर बुबुळ बऱ्याचदा वाचतं.